राहू द्या बाई

बायनाबाईच्या अश्वजितचं लग्न बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात विहारात लागलं, त्याच साली कोळसाखाणीच्या घुग्घुस गावातल्या भोजनालयात बोलणारं यंत्र आलं. साल दोन हजार पंचवीस. लग्नाची धावपळ उरकून बायनाबाई कामावर आली तेव्हा गल्ल्याजवळची तिची खुर्ची होती तिथंच होती, पण तिच्यावर पाण्याचे कॅन ठेवलेले होते.

त्या खुर्चीवर बसून ती रोज सकाळी गिऱ्हाइकांना फोन लावायची. ही रीत जुने मालक श्रीहरीभाऊ यांनी पाडली होती. डबा लावलेले बहुतेक लोक खाणीतले. आज पहिली पाळी, उद्या तिसरी, परवा सुट्टी. कोण कधी जेवेल याचा नेम नाही, आणि न विचारता धाडलेला डबा तसाच परत यायचा. म्हणून रोज फोन करून विचारायचं, आज डबा पाहिजे का, भाजी कोणती, पोळ्या की भाकरी. बायनाबाई आधी तिथं स्वयंपाक करायची; तिचे गुडघे गेले, चुलीपुढं उभं राहवेना, तेव्हा श्रीहरीभाऊंनी तिच्या हातात तो फोन दिला होता. पुढं श्रीहरीभाऊ थकले आणि त्यांचा पोरगा प्रफुल गल्ल्यावर बसू लागला.

प्रफुल वाईट नव्हता. यंत्र आणल्यावर त्यानं बायनाबाईला घरी बसवलं नाही, मागं भाजी निवडायला लावलं आणि पगार तोच ठेवला. यंत्राचा आवाज बाईचा होता, गोड होता, स्वच्छ मराठी बोलायचा. तो पार्सलच्या ऑर्डरी घ्यायचा, सकाळचे डब्यांचे फोनही करायचा, एकाच वेळी दहा जणांशी बोलायचा. त्याला खोकला येत नव्हता. नाव ठेवायला जागाच नव्हती.

यंत्र बसवण्याआधी यंत्राच्या कंपनीचा नागपूरचा एक पोरगा बायनाबाईजवळ बसून तिची बोलण्याची पद्धत लिहून घेत होता. त्यानं विचारलं, गिऱ्हाईक नको म्हणालं तर काय करता? ती म्हणाली, पुन्हा विचारते. तरी नको म्हणालं तर? पुन्हा विचारते. पोरगा हसला. मग तिनं त्याला समजावलं. खाणीतली जवान पोरं नको म्हणतात तेव्हा त्यांना नकोच असतं, त्यांना सोडून द्यायचं. पण आपला झाडीपट्टीतला जुना माणूस जेवणाच्या पहिल्या बोलावण्याला हो म्हणत नाही. पोटात आग पडली असली तरी म्हणतो, राहू द्या, आत्ताच चहा घेतला. तिथं विचारणाऱ्यानं धरून बसायचं असतं. असं कसं, दोन घास तरी घ्या, असं म्हटल्यावर मग तो हात धुवायला उठतो. धरलं नाही तर तो समजतो, यांनी नुसतं तोंडदेखलं विचारलं.

पोरानं ते यंत्राला शिकवलं. पण पहिल्याच आठवड्यात रात्रपाळी करून झोपलेल्या पोरांनी बोंब मारली, की एकदा नाई म्हटलं तरी डोकं काऊन खाता. प्रफुलनं ते काढून टाकायला लावलं. नको म्हटलं की धन्यवाद, आणि फोन बंद.

आता लटारूभाऊंचं सांगायला पाहिजे. लटारूभाऊ आणि बायनाबाईचा मेलेला नवरा खाणीत एका पाळीत होते, एका डब्यात जेवत. दुसऱ्या जातीच्या डब्यात हात घालतो म्हणून लटारूभाऊंची भावकी बोलली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डब्याशी बसले. आता त्यांची बायको गुणाबाई नव्हती, पोरगा रोशन हैदराबादेत कामाला होता. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी जी वस्ती उरली होती, तिथं ते एकटे राहत. जमीन खाणीत गेल्यावर बहुतेक घरं दाराला कुलूप लावून निघून गेली होती. रोशननं बापाला डबा लावून दिला होता. विकतचं अन्न मागून घ्यायचं लटारूभाऊंच्या जिवावर यायचं, पण बायनाबाईचा फोन म्हणजे त्यांना विकतचं वाटत नव्हतं.

"डबा धाडू का, भाऊ?"

"राहू दे बाई. कालचा भात हाये."

"त्या भाताचं काय लोणचं घालता? आज अंबाडीची भाजी केली."

"काऊन तरास घेतं माय?"

"मले कुठी डोक्यावर आणा लागते? लच्छू येते न डबे घेऊन गाडीवर."

"बरं. धाड मंग. थोडकंच."

असं रोज. पावसात, उन्हात, त्यांच्या तापात, तिच्या तापात. डबा ठरवल्याशिवाय तिनं त्यांचा फोन कधी ठेवला नाही. म्हणूनच तिची चूक झाली. यंत्र आल्यावर, मिरग लागायच्या सुमारास, तिनं प्रफुलला विचारलं होतं, लटारूभाऊचा डबा सुरू हाये ना? त्यानं मोबाइलमध्ये पाहिलं आणि सांगितलं, "सुरू हाये मावशी, रोज फोन जाते त्याईले." फोन जातो म्हटल्यावर तिनं डबा जातो असंच धरलं. तिच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. ती पुन्हा भेंड्या चिरायला बसली.

डबे पोहोचवणारा लच्छू तेव्हा सिमेंटच्या कारखान्याकडच्या फेरीवर होता. पोळ्याच्या आठवड्यात त्याला परत वस्तीची फेरी मिळाली. बायनाबाईनं घरून जवसाची चटणी आणली होती, ती त्याच्या हाती देऊन म्हणाली, लटारूभाऊच्या डब्यासोबत दे. लच्छू गाडी पुसत होता. म्हणाला, "लटारूभाऊचा डबा निघतच नाई बाई. त्या वस्तीत आता एकच डबा जाते, तो पार टोकाच्या मास्तराचा."

बायनाबाई हातातली पुडी घेऊन गल्ल्याजवळ गेली. प्रफुलनं मोबाइलमध्ये पाहिलं. डबा बंद नव्हता. रोज फोन गेला होता, रोज गिऱ्हाइकानं नको म्हटलं होतं. तो खरंच काही लपवत नव्हता. ती म्हणाली, मला ऐकव. यंत्र सगळं बोलणं साठवून ठेवत होतं. प्रफुलनं एकेक लावलं.

नमस्कार, आज डबा पाठवू का? राहू द्या बाई. धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो.

पुढचा फोन. राहू द्या, भात हाये. धन्यवाद. त्याच्या पुढचा. राहू द्या बाई, तुमाले तरास. धन्यवाद. आषाढातल्या एका फोनमध्ये लटारूभाऊंनी विचारलं होतं, बायनाबाई कुठी गेली, तिच्या पोराचं लगन झालं का? यंत्र गोड आवाजात म्हणालं, माफ करा, मी फक्त जेवणाची ऑर्डर घेऊ शकते. बरं बरं, लटारूभाऊ म्हणाले, जसं काही आपलंच चुकलं.

मग त्यांचा आवाज बसत गेलेला ऐकू येऊ लागला. मध्ये खोकला. आणि बायनाबाईच्या ध्यानात आलं, की प्रत्येक वेळी राहू द्या म्हटल्यावर लटारूभाऊ गप्प राहत, फोन ठेवत नसत. ते थांबत. श्वास ऐकू यायचा. मागं कुठं तरी खाणीचे ट्रक जाताना ऐकू यायचे. ते वाट पाहत होते. तेवढ्यात यंत्र धन्यवाद म्हणायचं.

"बंद कर," ती म्हणाली.

प्रफुलचा चेहरा उतरला होता. त्यानं भात, वरण, भाकरी, सगळं स्वतः भरून दिलं. बायनाबाई लच्छूच्या मागं गाडीवर बसली. रस्त्यात कोळशाचा काळा चिखल होता, ट्रकांमागं ट्रक होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. लटारूभाऊ बाजेवर पडलेले होते. चूल थंड, तिच्यात राखसुद्धा जुनी. सुरुवातीला ते आपल्या हातानं भात शिजवत. मग ताप आला, उठवेनासं झालं. शेजारी हाक मारायला माणूस नव्हता. रोशन फोनवर विचारायचा, जेवता ना बाबा, आणि ते जेवतो म्हणायचे. लेकाला दूर देशी काळजी कशाला.

त्यांनी बायनाबाईला ओळखलं. पोराच्या लग्नाचं विचारलं. ती लग्नाचं सांगू लागली, सून कशी आहे, विहारात किती माणूस आलं होतं. सांगता सांगता तिनं वरणात भात कुस्करला.

"ते नवी पोरगी बोलते चांगली," लटारूभाऊ म्हणाले. "पन आग्रह करत नाई. मले वाटलं, तुमी लोक कंटाळले आता मले."

ती पोरगी माणूस नाही, यंत्र आहे, असं बायनाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं काय झालं असतं? पोळ्यापर्यंत उपाशी राहिलेल्या माणसाला ते सांगून कुणाचं पोट भरणार होतं?

तिनं घास पुढं केला. "भाऊ, घेता ना दोन घास?"

"घेतो," लटारूभाऊ म्हणाले.

इतक्या वर्षांत ते पहिल्या शब्दाला कधी हो म्हणाले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला. गिळला गेला नाही. वरण ओठांवरून गळ्यावर आलं. तिनं पदरानं पुसलं आणि दुसरा घास केला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. तिचं मन राखायला ते तोंड उघडत राहिले आणि ती घास करत राहिली, शेवटी लच्छूनं तिचा हात धरला.

लच्छूनं चौकातून भाड्याची गाडी आणली. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताप बऱ्याच दिवसांचा आहे आणि अंगात त्याला तोंड द्यायला काही उरलेलं नाही. रोशन रातोरात निघून पोळ्याच्या सकाळी पोहोचला. त्यानं बायनाबाईला विचारलं, काकू, डबा तर सुरू होता ना? तिनं होता म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होती ती.

लटारूभाऊ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दुपारी वारले.