क्लाइव्हला खाली ढकल

ट्रेव्हर सगडनने विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर गुहेचा खेळ बनवल्याचं हिलरी मेटकाफला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्याच्याच तोंडून कळलं. खेळात चित्रं वगैरे काही नव्हती. आपण हुकूम टाइप करायचा, मशीन खडखडत कागदावर उत्तर छापायचं. गुहा मात्र खरी होती, यॉर्कशरच्या डोंगरातली. दोन वर्षांपूर्वी हिलरीचा भाऊ क्लाइव्ह तिथल्याच खोल कपारीत पडून मेला होता. वर दोर धरून ट्रेव्हर उभा होता.

"क्लाइव्हपण आहे बरं का त्यात," ट्रेव्हर म्हणाला. "ये की खेळायला."

ती गेली. तिच्या खुर्चीमागे चार-पाच विद्यार्थी सिगारेटी ओढत उभे राहिले. कागदावर उमटलं, 'समोर खोल कपार आहे. शेजारी क्लाइव्ह उभा आहे. त्याची टरकली आहे.'

'दोर धर,' तिने टाइप केलं.

'दोर धरून कंटाळा आला.'

पोरं खिदळली.

'क्लाइव्हला घरी ने.'

'घर म्हणजे काय, मला माहीत नाही.'

"तसं नाही गं," ट्रेव्हर तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "त्याला खाली ढकलायचं. धप्प झालं की खोली कळते, मग पलीकडे जाता येतं. पोरांना हाच भाग सगळ्यात आवडतो."

"दुसरी वाट?"

"नाही ठेवली."

"पलीकडे काय आहे?"

"पांढरं दालन."

क्लाइव्ह जेवण गार होईपर्यंत त्या दालनाबद्दल बोलत बसायचा. तिथवर तो कधी पोचलाच नाही.

हिलरीने खुर्ची पुढे ओढली. मग तिने टाइप केलं, 'क्लाइव्हला खाली ढकल.'

'धप्प,' मशीनने छापलं. मागे टाळ्या पडल्या. पाठोपाठ दालन आलं. दुधासारखे खांब, छतातून ठिबकणारं पाणी, दिवा वर केला की लकाकणारी भिंत. ट्रेव्हरने ते फार सुंदर लिहिलं होतं. तिला त्याचाच जास्त राग आला.

कागद फाडून तिने घरी आणला. आईला दिसत नसे, पण तिने सळसळ ऐकली. "काय आहे गं ते?"

"ट्रेव्हरने लिहिलंय," म्हणत हिलरीने वाचून दाखवलं. कपारीवर आली आणि मधल्या ओळी गाळून सरळ दालनात गेली.

"म्हणजे पोचला तो तिथे?"

"पोचला, आई."

"ट्रेव्हरला चहाला बोलाव. गुणी पोरगा आहे."

रविवारी ट्रेव्हर आला. आल्याच्या केकचे दोन तुकडे त्याने संपवले. आईने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्या लेकाला तू तिथवर नेलंस रे."

ट्रेव्हर चपापला. त्याने हिलरीकडे पाहिलं. ती त्याच्या कपात चहा ओतत राहिली. तसा तो सैलावला.

"तुम्हाला आवडलं ना, मिसेस मेटकाफ? अहो, लंडनहूनही मागणी आलीय. आता क्लाइव्हला सगळे ओळखतील."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "हिलरी, केक वाढ गं त्याला अजून."

हिलरीने वाढला.