काटेमास्तरांची दुरुस्ती

कारखान्यात त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. बॉयलर असो की पंप, दाब दाखवणारा कुठलाही काटा बिघडला की मास्तरांच्या टेबलावर यायचा. घरी मात्र या माणसापुढे बायकोने हात टेकले होते.

"अहो, गोळी घेतलीत?"

"मला काय धाड भरलीय?"

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं. रक्तदाब फार चढलाय. काही दुखत नाही म्हणून निवांत राहाल आणि एक दिवस मेंदूत रक्तस्राव होईल, नाहीतर मूत्रपिंडं निकामी होतील. रोज गोळी, मीठ कमी, आणि घरी मोजून वहीत लिहायचं. मोजायला मास्तरीणबाईच शिकल्या, कारण सहा वर्षं त्यांचीही तीच गोळी चालू होती. दंडाला पट्टा, कानात नळी, डोळे काट्यावर.

पहिल्या आठवड्यात मास्तरांचा आकडा एकशेनव्वदच्या घरात. मग अचानक एकशेवीस! आणि गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये जशीच्या तशी.

"बघ, गोळीबिळी काही लागत नाही," मास्तर मिशीत हसायचे आणि ताटात वरून मीठ घ्यायचे. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांचा स्वतःचा आकडा तर शंभराच्याही खाली उतरला होता. त्या घाबरल्या. कुणाला न विचारता त्यांनी आपली गोळी आधी अर्धी केली, मग बंदच केली. हल्ली मान भरून यायची, डोकं ठणकायचं. या माणसानेच डोकं उठवलंय, दुसरं काय!

आज दोघं दवाखान्यात तपासणीला आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा दाब मोजला. एकशेचौऱ्याण्णव.

"तुमचं यंत्र बिघडलंय," मास्तर शांतपणे म्हणाले. "आमचंही असंच होतं. मी दुरुस्त केलं."

"कसं?"

"सोपंय. काटा जुळवायला एक खात्रीचा दाब लागतो. धडधाकट माणसाचा एकशेवीस. मी धडधाकट. माझ्याच दंडाला लावलं आणि काटा एकशेवीसवर आणून बसवला."

बाई उसळल्या. "अहो, कारखान्यात हा शहाणपणा केला असतात तर बॉयलर उडाला असता! तीन महिने मी वेड्यासारखी वही भरतेय आणि तुम्ही..."

त्या मध्येच थांबल्या. हात मानेवर गेला.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "मीही त्याच यंत्रावर मोजत होते. गोळी बंद केलीय."

डॉक्टरीणबाईंनी तत्काळ पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. सवयीने मास्तरांनी काट्यावर नजर लावली. दोनशेबारा.

"दोन्ही हात वर करा. आता हसून दाखवा. तोंड वाकडं होतंय का बघायचंय."

"हसू? या माणसाच्या देखत?"

पण त्या हसल्या. मास्तरांनी काटा सोडून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठांचं एक टोक, दुसरं टोक. हसू सरळ होतं.

"थोडक्यात वाचलात. पण आज इथंच राहायचं," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. "आणि यापुढे गोळी बंद करायची ती मला विचारून."

"यंत्र बरोबर आहे तुमचं," मास्तर कसंबसं बोलले. गोळीसाठी त्यांनी मुकाट्याने हात पसरला. "घेतो मी. रोज घेतो."

"थांबा हो!" बाई खेकसल्या. "ती माझी आहे."