वकीलसाहेबांचा डावा हात

मी एक जुने, महागडे मनगटी घड्याळ आहे. महागडे हे मी स्वतःहून सांगत नाही. या घरात पाहुण्याला ते आधी सांगतात आणि पाणी मागाहून विचारतात.

मित्रांनो, मला सेल लागत नाही. माझ्या पोटात एक अर्धगोल वजन आहे. मनगट हलले की ते फिरते, त्याने स्प्रिंग आवळली जाते आणि मी चालते.

माझे मालक वकील. डावा हात हवेत फिरवल्याशिवाय त्यांना साधे मीठसुद्धा मागता येत नसे. कोर्टात ते बोलायला उभे राहिले की न्यायाधीश पेंगत आणि माझी चंगळ होई. सुट्टीत त्यांचे बायकोशी वाद होत. तेवढ्यावर माझे भागे.

मग एका सकाळी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली. हात मात्र गादीवर जसा ठेवावा तसा पडून राही. लवकरच मीही बंद पडले.

हाताबद्दल घरात कोणी बोलेना, म्हणून सगळे माझ्याबद्दल बोलू लागले. मुलाने मला घड्याळजीकडे नेले. त्याने मला खोलले, धुतले, तेल घातले. त्याच्या मनगटावर मी ठणठणीत चाले. घरी डाव्या मनगटावर बांधले की दोन दिवसांत बंद.

"एवढं महाग, आणि नखरे बघा!" मुलगा म्हणाला.

"आई, उजव्या हातावर बांधूया का?" सुनेने विचारले.

"काही नको. डावीकडेच बरं आहे ते."

कारण सगळ्यांना ठाऊक होते. मला उजवीकडे बांधणे म्हणजे डाव्या हाताचा निकाल मान्य करणे.

पुढे एक चमत्कार झाला. मी चालू लागले, आणि चालत राहिले.

"बघ! हाताशिवाय हे चालत नाही," वकीलसाहेब बायकोला म्हणाले. "म्हणजे झोपेत हात हलतो माझा. याहून पुरावा काय पाहिजे?"

"हलत असेल हो."

"असेल काय? हलतो!"

मित्रांनो, पुरावा मीच होते, आणि मीच फितूर. रोज दुपारी ते झोपले की त्यांची बायको उशाशी बसे आणि तो जड हात उचलून हलकेच झुलवत राही. मग स्वतःचा खांदा चोळत स्वयंपाकघरात जाई. हातात काडीचाही फरक नव्हता.

एका दुपारी वकीलसाहेबांची झोप चाळवली. त्यांनी डोळे किलकिले केले, पाहिले आणि पुन्हा मिटून घेतले. तिचे झुलवणे संपेपर्यंत त्यांनी झोपेचे सोंग वठवले.

संध्याकाळी म्हणाले, "अगं, काढून ठेव ते घड्याळ. टोचतं."

"अहो, चालू आहे की."

"राहू दे. तुझा खांदा दुखत असेल."

तिने पट्टा सोडला. बराच वेळ तिला तो नीट गुंडाळता आला नाही.

आता मी कपाटात आहे, मखमली डबीत. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. महाग वस्तूंची काळजी लोक घेतातच. मित्रांनो, एवढेच सांगते: घड्याळ बंद पडले तर ते दुकानात न्यायच्या आधी, ज्याच्या हातावर होते त्याच्याजवळ थोडे बसा.