पंपाखालची माती

आप्पा गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा दादाने स्वतःहून बंद पडलेला पेट्रोलपंप छकूला देऊन टाकला आणि राहतं घर आपल्याकडे ठेवलं. रस्त्यालगतची जागा बहिणीला दिली म्हणून नातेवाइकांनी त्याला डोक्यावर घेतलं. छकूचा तर ऊर भरून आला. नवऱ्यामागे लोकांचे कपडे शिवून तिने दोन मुली वाढवल्या होत्या. भाड्याच्या खोलीतून निघून तिथे स्वतःचं शिवणाचं वर्कशॉप काढायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पाया खणताना कंबरभर खोल गेल्यावर पेट्रोलचा असा भपकारा आला, की मजूर फावडी टाकून वर चढले. माती काळपट, तेलकट. हात कितीही धुतले तरी वास जाईना. मग माती साफ करणाऱ्या कंपनीची माणसं आली. क्रेनने जुनी टाकी वर काढली, तेव्हा तिच्या एका अंगाला वेल्डिंग केलेलं ठिगळ दिसलं.

"गळती कुणाच्या तरी लक्षात आली होती," मुकादम म्हणाला.

छकूने त्या ठिगळावरून बोट फिरवलं. आप्पा शेवटची कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होते. पंप दादाच बघायचा.

ती तशीच त्याच्या घरी गेली. वहिनीने पुढे ठेवलेल्या चहाला तिने हात लावला नाही. दादाने आधी आढेवेढे घेतले, आप्पांवर ढकलून पाहिलं.

"तुला ठाऊक होतं ना, दादा?"

"होतं."

"मग मलाच का दिलीस ती जागा?"

"दुसऱ्या कुणी कोर्टात खेचलं असतं मला," तो खाली बघत म्हणाला. "तू भांडणार नाहीस, माहीत होतं."

वर त्याने सुचवलं, की खड्डा बुजवून काँक्रीट ओतून टाकू, उगाच बोभाटा कशाला. ते ऐकताना छकूला पंपामागची म्हातारी आठवली. आपल्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, असं ती कधीची सांगत होती, आणि वयाने नाक बिघडतं म्हणून दादाच तिची समजूत घालायचा.

छकू उठली ती थेट म्हातारीकडे गेली. "आजी, हे पाणी पिऊ नका," म्हणाली आणि सगळं सांगितलं. पाणी तपासलं, त्यात पेट्रोल निघालं. बातमी प्रदूषण मंडळाच्या कचेरीत पोचली आणि गळती ठाऊक असून लपवली म्हणून साफसफाईचा सगळा भार दादावर पडला. त्याला घर विकावं लागलं. त्याला डोक्यावर घेणारे नातेवाईक आता म्हणू लागले, सख्ख्या भावाच्या मुळावर उठली.

काम वर्षभर चाललं. ट्रक भरभरून माती बाहेर गेली. उरलेल्या मातीत पाइप घालून पेट्रोलची वाफ ओढून काढली. म्हातारीला नळ मिळाला. शेवटी खड्ड्यात स्वच्छ माती पडली आणि वर्कशॉप उभं राहिलं.

मशिनी आल्या त्या दिवशी धाकटीने विचारलं, "मामाला बोलवायचं?"

"नको," छकू म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मग मागच्या खोलीत जाऊन तिने कडी लावली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पोटभर रडली.