सुकदेवनानांच्या सीटखालची पेटी

मित्रांनो, मला पाहिलंत तर जेवणाचा डबा समजाल. वहीएवढी ॲल्युमिनियमची पेटी आहे मी, एका कोपऱ्यात चेपलेली. इंजिनिअर लोक मला कंट्रोल युनिट म्हणत. १९९५ साली एका नव्या ट्रकच्या चाचणीगाडीत, ड्रायव्हरच्या सीटखाली माझी जागा होती. इंजिनाला केव्हा, किती डिझेल द्यायचं, ते मी बघायची. माझ्या पोटात एक चिप होती आणि चिपमध्ये प्रमिलाताईंनी लिहिलेला प्रोग्राम.

ताई कंपनीच्या इंजिनिअर. प्रोग्राम बदलायचा झाला की त्या माझे चार स्क्रू काढत, चिप हलक्या हाताने उपसत, अतिनील दिव्याखाली पुसून तिच्यावर नवं लिहीत. झाकण लावण्याआधी आतली धूळ फुंकत. मला ते फार आवडे.

गाडी चालवत धुळ्याचे सुकदेवनाना. रावेरहून केळी भरायची आणि सातपुड्याच्या चढणी चढायच्या, अशी आमची चाचणी चाले.

एप्रिलमध्ये डिझेल वाचवणारा नवा प्रोग्राम आला. घाई होती, म्हणून ताईंनी तो रिकाम्या गाडीवरच तपासला. तिसऱ्या दिवशी भरलेली गाडी सातपुड्यातल्या पाल गावच्या रस्त्याला लागली. चढणीवर गिअर बदलताना नानांनी पाय क्षणभर उचलला. मी डिझेल थांबवलं आणि पुन्हा सोडायला उशीर केला. इंजिन बंद पडलं. ब्रेक दाबूनही गाडी भाराने मागे घसरू लागली. मागे केळी कापून परतणाऱ्या बायकांची ट्रॉली होती! नानांनी स्टिअरिंग फिरवून गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. घडच्या घड रस्त्यावर सांडले, मी आदळून चेपले, पण बायका वाचल्या.

कंपनीतल्या ताईंच्या साहेबांनी अहवालात ड्रायव्हरची चूक लिहिली. नानांची नोकरी जाणार होती.

"ताई, मन्ही चूक नही शे," नाना म्हणाले. "गाडीच थांबनी."

मला सगळं ठाऊक होतं. बोलता मात्र येत नव्हतं. ताईंनी गाडीत तेवढंच वजन भरायला लावलं आणि आवारातल्या उतारावर नानांना तसाच गिअर बदलायला सांगितलं. इंजिन पुन्हा बंद पडलं. ताईंनी माझं झाकण उघडलं आणि साहेबांना बोलावलं.

"तुमची बढती जवळ आली आहे," साहेब म्हणाले. "प्रोग्राम बदला आणि विषय मिटवा."

"प्रोग्राम बदलतेच, सर. पण अहवालही बदला. चूक माझी आहे."

बढती दुसऱ्याला मिळाली. नानांची नोकरी राहिली. सुधारलेली चिप बसवून पुन्हा पालला निघालो, तेव्हा ताई नानांच्या शेजारी चढून बसल्या.

"तुम्ही कशाले बठतस? धोका शे."

"म्हणूनच बसतेय, नाना."

गिअर बदलला. मी वेळेवर डिझेल सोडलं. गाडी एका दमात वर गेली आणि नाना हसून म्हणाले, "आते चढस, ताई!"

आज मी भुसावळच्या एका प्रशिक्षण केंद्रात मुलांना दाखवायला ठेवलेली आहे. त्यांना आणि तुम्हालाही माझी एकच विनंती आहे. प्रोग्राम बदललात, तर भरल्या गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसून या. आणि गाडी अडखळते असं तो म्हणाला, तर आधी माझं झाकण उघडा, मग त्याला बोल लावा.