कार्ड बसत नाही

गाडी काढायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, चाकं बघायची, खाली वाकून तेल गळतंय का ते बघायचं आणि मगच सीटवर बसायचं. बाबांनी उभी हयात बस चालवली आणि ही फेरी कधी म्हणून चुकवली नाही. घरात कुणी सायकल काढली तरी आतून आवाज यायचा, "फेरी मारलीस का?" त्यामुळे लेकीने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी येऊन बसणार, हे ठरलेलंच होतं.

लेकीला ते ठमी म्हणत. ऑफिसात चार माणसं तिला मॅडम म्हणायची, घरात मात्र ती ठमीच.

हातांना कंप सुटला तसं डॉक्टरांनी बाबांचं ड्रायव्हिंग बंद करून टाकलं. मग हा माणूस खिडकीशी बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांचा उद्धार करू लागला. पुढे तेही थांबलं, आणि तेव्हा ठमीच्या काळजात धस्स झालं. तिने बस चालवायचा गेम आणला, खोलीच्या मधोमध कॉम्प्युटरचं टेबल ओढलं आणि टेबलाच्या कडेला गेमचं स्टिअरिंग घट्ट आवळून दिलं. बाबांनी आधी नाक मुरडलं. नंतर मात्र रोज सकाळी दाढी करून, शर्ट खोचून, टेबलाभोवती फेरी मारून ते ड्युटीवर बसायला लागले.

फक्त चित्र अडखळायचं. वळण आलं की रस्ता थबकायचा आणि एकदम पुढे उडी मारायचा, तोवर बस फुटपाथवर चढलेली असायची.

"गाडीत दम नाही," बाबा म्हणायचे. "नाहीतर हे वळण डोळे मिटून काढलं असतं मी."

रोज तेच ऐकून ठमीने मनावर घेतलं. कॉम्प्युटरमध्ये चित्र पळवणारं नवीन ग्राफिक्स कार्ड बसवायचंच.

"आधी बसतंय का बघ," बाबांनी बजावलं. "टायर आणला आणि चाकावर चढेना, असली फजिती नको."

म्हणून दोघांनी मिळून फेरी मारली. टॉर्च बाबांनी धरला. उजेड कॉम्प्युटरच्या पोटातल्या मदरबोर्डवर नुसता थरथरत होता, तेव्हा ठमीने त्यांचं मनगट धरून ठेवलं. जुनं कार्ड काढून तिने ते बसायची खालची लांब खाच, म्हणजे स्लॉट, बघितला. नव्या कार्डाला हवा होता तोच. टोकाची खिट्टी शाबूत होती. नवीन कार्ड चांगलं जाडजूड, शेजारच्या स्लॉटचीही जागा खाणार, पण तो रिकामाच होता. बाबांनी टेप लावून आतली लांबी मोजली. कार्डाला वेगळी वीज लागणार होती, तर तिची वायरही पॉवर सप्लायला होती आणि पिना जुळत होत्या. डोळ्यांत तेल घालून बघितलं दोघांनी.

"पास!" बाबा डेपोतल्या साहेबाच्या थाटात म्हणाले.

कार्ड आलं. खट्कन खिट्टी लागली. सुट्टीच्या सकाळी बाबा स्टिअरिंगवर बसले आणि रस्ता असा सरसर पुढे आला की ते "वा!" म्हणाले.

पहिल्याच वळणावर बस फुटपाथवर चढली.

चित्र कुठेही अडखळलं नव्हतं. पुढच्या वळणावर खांब आडवा झाला. मग बाबांनी आधीच वेग कमी केला, ओठ आवळून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. आता तर रस्ताही सरळ होता. तरी बस डावीकडे जात होती, उजवीकडे जात होती, आणि स्टिअरिंगवरचे हात बाबा स्वतःच बघत होते.

ठमीला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस सगळा दोष त्या जुन्या कार्डाच्या माथी जात होता. आता तो घ्यायला बाबांखेरीज कुणी उरलं नव्हतं. स्लॉट बघितला, पिना बघितल्या, एवढं मात्र बघायचं राहूनच गेलं तिचं.

"गाडी झकास आहे," बाबा म्हणाले आणि उठून खिडकीशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दाढी झाली नाही. त्यानंतरही नाही. खिडकीखाली एक बस कचकन ब्रेक मारून थांबली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

मग एका दुपारी ते जरा आडवे झाले असताना ठमीने कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. ते उठल्यावर चहा पुढे ठेवून म्हणाली, "बाबा, ते नवीन कार्ड काढलं मी. आपल्या बोर्डला बसत नाही ते. नीट बघितलंच नव्हतं मी. जुनंच लावलंय परत."

तिला धड खोटं बोलताही येत नव्हतं. शेवटी शेवटी आवाज फाटलाच.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. टॉर्च त्यांनी धरला होता, टेप त्यांनी लावला होता, आणि खिट्टी लागल्याचा आवाज त्यांच्या कानांनी ऐकला होता. चहा निवत गेला.

"तरी मी सांगत होतो," शेवटी ते खेकसले. "आधी बघून घे म्हणून! ऐकशील तर शपथ."

"चुकलं बाबा."

"चुकलं म्हणे."

ते उठले. दाढी करून आले, हनुवटीखाली कापलं होतं. शर्ट खोचला. टेबलाभोवती फेरी मारताना कॅबिनेटपाशी जरा थांबले, झाकणावर तळहात ठेवला, आणि मग सीटवर बसले. वळण आलं. रस्ता थबकला, उडी मारून पुढे गेला, आणि बस फुटपाथवर चढली.

"गाडीत दम नाही, ठमे," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"नाहीच आहे," ठमी म्हणाली आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून तिने डोळे पुसले.