तीन फुटांची काठी

एल्व्हा ट्रेंबाथने गाडीची किल्ली खिशातून काढली आणि टेनिस कोर्टाच्या बेसलाइनच्या मागे गवतात खुपसली. किल्ली निम्मी आत गेली आणि अडली. दोन पावलं सरकून तिने पुन्हा खुपसली. तिथेही निम्मीच गेली. माती हवी तेवढी कडक होती. काल संध्याकाळीही ती तेवढीच कडक होती, आणि आज सकाळपासूनची ही तिची तिसरी फेरी होती.

"पुरे कर आता," कुंपणाला रेलून रोंडा कियर्नी म्हणाली. "इतकी भोकं पाडलीस तर तो जपानी साहेब विचारेल, कोर्टात ससे पाळलेत का म्हणून."

एल्व्हाने किल्ली पँटला पुसली. रोंडा तिची शाळेपासूनची मैत्रीण, एकेकाळची दुहेरीतली जोडीदार आणि आता क्लबच्या चहाघराची सर्वेसर्वा. एल्व्हाची थट्टा करण्याचा पहिला हक्क तिचा होता, आणि पन्नास वर्षांत तिने तो एक दिवसही सोडला नव्हता.

मंडूरीला शहराचा दर्जा मिळून तीस वर्षं झाली होती, पण सिग्नलचे खांब अजून दोनच होते. आता नऊ दिवसांनी इथे ऑस्ट्रेलिया आणि पेरू या दोन देशांच्या संघांची टेनिसची लढत व्हायची होती. पेरूची मुलं तांबड्या मातीवर वाढलेली, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या कप्तानाला गवत हवं होतं. मोठ्या शहरांतली गवताची कोर्टं नेमकी उकरून ठेवलेली होती, आणि नदीकाठच्या मंडूरीत अठरा हिरवीगार कोर्टं तयार होती. अशी ही लॉटरी लागली. साठ किलोमीटरपर्यंतची मोटेलं भरली. नगरपालिकेने पाण्याची टाकी रंगवली. बेकरीवाल्याने चेंडूच्या रंगाचे पिवळेजर्द केक केले, आणि ते खपेनात म्हणून बिचारा स्वतःच खात बसला. एक नंबरच्या कोर्टाभोवती चार हजार खुर्च्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहिले. आज अकरा वाजता लढतीचे मुख्य पंच हिराओका ते कोर्ट तपासायला येणार होते. त्यांनी नापास केलं तर लढत ब्रिस्बेनला हलवली जाईल, असं पत्रच आलं होतं.

ते कोर्ट एल्व्हाच्या हातचं होतं. बावीस वर्षं तिने ते कापलं, पाजलं, रोलरखाली दाबलं होतं. त्याआधी तिचे वडील क्लेम ते सांभाळायचे. गवताबद्दल तिला खात्री होती. स्वतःबद्दल मात्र तिला कसलीच खात्री वाटत नव्हती.

त्याला कारण होतं. मंडूरीत कुणी ऐन मोक्याला कच खाल्ली की 'त्याची एल्व्हा झाली' असं म्हणतात. हातातला झेल सुटला, लग्नात वचन म्हणताना नवऱ्याची बोबडी वळली, गाडीच्या परीक्षेत चौकातच इंजिन बंद पडलं, की एल्व्हा झाली. म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना ही एल्व्हा कोण हेही ठाऊक नसतं. एकदा तिच्याच स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करताना प्लंबरच्या हातून पाना निसटला आणि तो स्वतःवरच चिडून तसं म्हणाला. तिने त्याला चहा विचारला.

सतराव्या वर्षी ती मेलबर्नला खेळायला गेली होती. मुलींच्या ज्युनियर संघाची निवड होती. तोवर जिल्ह्यातल्या बाराही क्लबांत तिला हरवणारी मुलगी नव्हती. क्लेमनी तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: चेंडू नेटला घासून न्यायचा, मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त हवा ठेवायची नाही. मेलबर्नला तिचे चेंडू घासून गेले नाहीत, आदळले. एकामागून एक, नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर. सहा-एक, सहा-एक अशी ती हरली. परतीच्या आगगाडीत बेंडिगो स्टेशन येईपर्यंत क्लेमनी पेपर वाचला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हात आहे तुला. काळीज नाही."

तिने ते मान्य करून टाकलं. पुन्हा एकेरी सामना खेळली नाही. शिक्षकांच्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं, गेली नाही. एका भल्या माणसाने लग्नाचं विचारलं, त्याला हो म्हणायचं धैर्य गोळा करेपर्यंत त्याने मिल्डुरा गावची दुसरी पाहिली. गवत तेवढं बरं होतं. गवताला काळीज लागत नाही, रोजच्या रोज पाणी लागतं.

हिराओका अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. साठीचे, किरकोळ अंगाचे, डोक्यावर कापडी टोपी. बरोबर क्लबचे अध्यक्ष डग्लस हॅफी होते. डग्लस निवृत्त दंतवैद्य, त्यामुळे समोरच्याने तोंड उघडायच्या आत बोलत राहायची सवय. हिराओकांनी त्यांना हसून सावलीत बसवलं आणि एकटेच कामाला लागले. त्यांनी खांद्याच्या उंचीवरून चेंडू टाकून त्याची उसळी पाहिली, गुडघ्यांवर बसून गवतात बोटं फिरवली, पोलादी टेपने सगळ्या रेषा मोजल्या. एल्व्हा त्यांच्यामागे पाच पावलांवरून चालत होती. तासभराने त्यांनी पिशवीतून एक मोजपट्टी काढली आणि नेटच्या मधोमध उभी केली. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"एक इंच कमी आहे," ते म्हणाले.

सावलीतून डग्लस उठून आले. "शक्यच नाही. आमच्याकडे रोज सकाळी नेट मोजलं जातं. रोज. क्लबची खास काठी आहे."

ते खरं होतं. मंडूरीत सकाळी जो पहिला येईल त्याने चहाघराच्या दाराशी टांगलेली तीन फुटांची काठी घ्यायची आणि अठराच्या अठरा नेटांखाली उभी करून बघायची, हा क्लबचा शिरस्ता होता. पहिली नेहमी एल्व्हाच यायची. तिच्या आधी क्लेम यायचे. ती गेली आणि काठी घेऊन आली. हिराओकांनी काठीला टेप लावला. पस्तीस इंच.

डग्लस यांनी टेप ओढून घेतला आणि स्वतः मोजलं. पस्तीसच.

हिराओकांनी काठी उलटी केली. खालचं टोक थोडं तासून बारीक केलेलं होतं आणि त्यात खिळ्याएवढं भोक होतं. त्यांनी विचारलं, "हे भोक कशासाठी?"

"टांगायला," एल्व्हा म्हणाली. "दोरी ओवतो आम्ही त्यात."

"आमच्याकडे कोबे शहरातल्या जुन्या क्लबात अशी एक आहे. तिच्या या टोकावर पितळेची टोपी बसवलेली असते. लाकूड झिजू नये म्हणून. लाकडाच्या पुढे एक इंच भरीव. खिळ्याने पक्की केलेली."

एल्व्हाने अंगठा त्या भोकावरून फिरवला. मग तिने सांगितलं. मूळ काठी चहाघराच्या भिंतीवर चौकटीत आहे. मोठ्या पुराच्या वर्षी क्लब गाळात गेला आणि तिच्या वडिलांना ती काठी चिखलात सापडली. टोपी गाळातच राहिली असणार; ती आठवणारा जुना माळी त्याआधीच वारला होता. वडील सुतारकामात हुशार. त्यांनी ती नमुन्याला धरून ही नवी केली, आणि जिल्ह्यातले सगळेच क्लब बुडाले होते म्हणून बाकीच्या अकरा क्लबांनाही एकेक करून दिली.

"तासलेल्या टोकासकट?" हिराओकांनी विचारलं.

"हो."

"भोकासकट?"

"भोकासकट."

हिराओकांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडावर धरून ठेवला. रुमाल दूर झाला तेव्हा चेहरा पुन्हा पंचाचा होता. "नेट खाली ओढून धरणाऱ्या मधल्या पट्ट्याचं बक्कल सैल करा, ते इंचभर वर येईल," ते म्हणाले. "बाकी कोर्टाबद्दल लिहायला माझ्याकडे काही नाही. मी एकोणीस वर्षं हे काम करतोय. असं गवत दोनदा पाहिलं असेन."

त्यांनी तिथेच, खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून, सही केली. डग्लस यांनी कपाळ पुसलं आणि टाकीवाले, मोटेलवाले, बेकरीवाले, सगळ्यांना फोन करायला धावले. एल्व्हाचा जीव भांड्यात पडला.

मग ती मधल्या पट्ट्यापाशी वाकली. बक्कल सैल केलं, हिराओकांच्या मोजपट्टीला लावून नेट वर घेतलं, पुन्हा घट्ट केलं. उठताना तिचा हात थांबला. तिने दोन बोटं आडवी करून पांढऱ्या पट्टीवर ठेवली, आणि हळूच खाली सरकवली, मघाशी पट्टीची वरची कड जिथे होती तिथपर्यंत. जिथे दोन बोटं हवा असायची तिथे आता पट्टी होती. बोटं तशीच धरून ती उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वीच्या मेलबर्नमधला एकेक चेंडू तिला आठवत होता, आणि आता एकेक चेंडू कुठे लागला तेही दिसत होतं.

हिराओका गेल्यावर डग्लस तिच्याजवळ आले. आवाज खाली होता, त्यावरूनच तिला कळलं की काही मागायचंय.

"हे आपल्यातच राहू दे, एल्व्हा. पुढच्या आठवड्यात टीव्हीवाले येतायत. बारा क्लब, साठ-पासष्ट वर्षांचे निकाल, भिंतीवरच्या सगळ्या पाट्या. सगळं खालच्या नेटवर जिंकलेलं. हसं होईल आपलं."

"कुणाच्या कसं लक्षात आलं नाही रे?" ती म्हणाली. "शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर नेट उंच वाटतं म्हणून आपण दर वर्षी कुरकुरायचो. बाहेरून खेळायला येणारे काहीच बोलायचे नाहीत."

"नेट खाली असलं तर कोण बोलणार? आपण छान खेळतोय असंच वाटतं माणसाला." डग्लस यांनी घसा साफ केला. "शिवाय क्लेमचं नाव आहे यात. लोक त्याला हसतील."

"बाबांनी पहाटे उठून रोज मोजलं, डग्लस. न्युमोनिया झाला होता तेव्हासुद्धा. हसतील तर हसू देत." तिने नेटच्या पट्टीवरून हात फिरवला. "मी पन्नास वर्षं काढलीच की. त्यांना आता काय त्रास होणार आहे."

डग्लस यांनी हात टेकले.

गुरुवार होता. दुपारी बायकांचा खेळ असतो, त्यामुळे तीन वाजता चहाघर भरलेलं होतं. एल्व्हा सहसा चहा घेऊन पायरीवर बसायची. आज ती आत आली, भिंतीवरची चौकट काढून टेबलावर ठेवली, शेजारी क्लेमची काठी ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टोपी, पूर, भोक. शेवटचं तिने पाठ केल्यासारखं म्हटलं.

"मेलबर्नचं नेट बरोबर होतं. आपलं खाली होतं. मी तिथे इथल्यासारखीच खेळले होते."

मग एक जण हिशेब लागल्यासारखी म्हणाली, "म्हणजे माझा तो कप..." आणि दुसरी म्हणाली, "तुझा कसला, माझे तर सात आहेत," आणि हसण्याची एकच लाट आली. एल्व्हाही हसली. तिला वाटलं होतं राग येईल, गाडीतल्या त्या वाक्याचा तरी. पण तिला आठवत होते ते वडलांचे खडबडीत हात, सुरीने टोक काळजीपूर्वक तासणारे, आणि चूक असलेली गोष्ट बारा वेळा अगदी बिनचूक करणारे. हलकं वाटत होतं. किती हलकं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं.

रोंडा हसली नव्हती. ती ओट्यापाशी एकच बशी पुसत होती, केव्हाची. बशी ठेवून ती मागच्या दाराने बाहेर गेली.

एल्व्हा रोलर काढायला निघाली तेव्हा रोंडा नऊ नंबरच्या कोर्टावर उभी होती. काखेत दोन रॅकेटी.

"या कोर्टाचं नेट वर केलंस?"

"मघाशीच केलं."

"मग ये. थोडं खेळू."

"मला साडेतीनला रोलर फिरवायचाय."

"रोलर कुठे पळून जात नाही." रोंडाने एक रॅकेट पुढे केली, पण बघत होती ती गवताकडे. "एल्व्हा, ते मीच पहिल्यांदा म्हटलं होतं. 'एल्व्हा झाली' ते. शाळेच्या बसमध्ये."

"माहितीय मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. पुढच्याच सीटवर बसले होते मी."

रोंडाने रॅकेट आणखी पुढे केली. एल्व्हाने तिच्या हातातून रॅकेट घेतली. मूठ पातळ वाटत होती, गुडघा दुखत होता, आणि चहाघरातल्या सगळ्या जणी कप हातात घेऊन पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. ती बेसलाइनवर गेली. रोंडाने दिलेले तीन चेंडू तिने चाचपून पाहिले, दोन खिशात टाकले, एक वर उडवला आणि मारला.

चेंडू नेटच्या पट्टीवर आदळला आणि तिच्याच बाजूला पडला.

एल्व्हाने खिशातून दुसरा चेंडू काढला.